सिंथेटिक ऑइलवर जाताय? आधी गिअरबॉक्सचा वरचा प्लग सुटतो का ते बघा

आत्तापर्यंत गाडीत मिनरल नाहीतर सेमी सिंथेटिक चालू होतं आणि आता फुल सिंथेटिकवर जायचंय, तर इंजिनपुरतं काम एवढंच आहे की जुनं काढायचं, फिल्टर बदलायचा, नवीन ओतायचं. बस. आधी सेमी मग फुल अशा पायऱ्या नसतात, इंजिनला जुन्या ऑइलची सवय वगैरे काही लागलेली नसते, आणि इंजिनखाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाशी कपभर जुनं मिनरल राहिलं आणि ते नव्यात मिसळलं तरी काही बिघडत नाही, कारण एपीआयचं, म्हणजे ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं, लेबल लावायचं असेल तर इंजिन ऑइल दुसऱ्या इंजिन ऑइलमध्ये नीट मिसळतं हे दाखवावंच लागतं, त्याची टेस्टच असते. उलटंही चालतं बरं का, म्हणजे एकदा सिंथेटिक टाकलं की परत मिनरल टाकता येत नाही ही नुसती पसरलेली गोष्ट आहे.

मग लोकांचा घोळ होतो कुठे, तर दोन जागी. डबा निवडताना, आणि गिअरबॉक्सला हात घालताना. म्हणून त्या दोन्हीवर मी जरा रेंगाळणारे आणि मधलं पटापट उरकणारे.

पहिलं म्हणजे गाडीचं मॅन्युअल काढा. बहुतेक ते ग्लोव्ह बॉक्समध्ये अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल. शेवटाकडे एक तक्ता असतो, त्यात इंजिन ऑइलचा ग्रेड, स्पेसिफिकेशन आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं ते असतं, गिअरबॉक्सचंही असतं. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. दुकानात काउंटरवर उभं राहिल्यावर समोरचा जे सांगेल ते आणि हा फोटो यात फोटोचं ऐकायचं.

आता सिंथेटिक म्हणजे काय ते थोडक्यात, कारण याच शब्दावर सगळी फसगत होते. डब्यातलं बहुतांश बेस ऑइल असतं आणि उरलेलं ॲडिटिव्ह. बेस ऑइलचे पाच ग्रुप आहेत. पहिला आणि दुसरा म्हणजे कच्च्या तेलापासून काढलेलं, आपण ज्याला मिनरल म्हणतो ते. तिसरा पण कच्च्या तेलापासूनच, पण त्याला हायड्रोजनच्या दाबाखाली इतकं मोडून जोडून घेतलेलं असतं की वागायला ते जवळपास सिंथेटिकसारखं होतं. चौथा म्हणजे पीएओ, हा कारखान्यात रेणू जोडून बनवलेला. पाचव्यात एस्टर वगैरे बाकी सगळे. आता तिसऱ्या ग्रुपला सिंथेटिक म्हणायचं की नाही यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलची चांगलीच जुंपली होती, जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या तिथल्या संस्थेकडे प्रकरण गेलं आणि १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला, तेव्हापासून जगात बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या ग्रुपच्या डब्यावर फुल सिंथेटिक लिहिलेलं असतं. जर्मनीत मात्र त्याला पूर्ण सिंथेटिक म्हणत नाहीत. यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, तिसऱ्या ग्रुपची ऑइल्स चांगली असतात, पण सांगायचा मुद्दा हा की डब्यावरचा सिंथेटिक हा मोठा चकचकीत शब्द तुम्हाला जवळजवळ काहीच सांगत नाही. जे सांगतं ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं.

फायदा कशात आहे मग? थंड इंजिन चालू करताना ऑइल लवकर वरपर्यंत पोचतं. गरम झाल्यावर लवकर जळून दाट होत नाही, कमी उडून जातं. टर्बो असेल तर फरक जास्त, कारण टर्बोचं बेअरिंग लालबुंद तापणाऱ्या भागाला चिकटून असतं आणि तुम्ही गाडी बंद केली की तिथलं ऑइल जागच्या जागी थांबतं आणि भाजलं जातं, साध्या ऑइलचा तिथे कोळसा धरतो. मायलेजमध्ये उडी वगैरे अपेक्षा ठेवू नका, आणि आवाज एकदम गायब होईल असंही नाही. साधं जुनं नॉन टर्बो इंजिन, लांबचा सलग प्रवास, फार थंडी नाही, ऑइल वेळेवर बदलताय, अशा गाडीला मॅन्युअलमध्ये मिनरल चालतं असं लिहिलं असेल तर मिनरलवरही ती आरामात आयुष्य काढते.

ग्रेडबद्दल. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. डाव्या आकड्याचा संबंध फक्त थंडीशी. ५डब्ल्यू वालं ऑइल उणे ३० डिग्रीला इंजिन फिरू देईल इतपत पातळ राहिलं पाहिजे, १०डब्ल्यूची तीच परीक्षा उणे २५ ला होते आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. उजवा आकडा म्हणजे इंजिन तापल्यावरचा जाडपणा, १०० डिग्रीला मोजलेला, ३० ग्रेडसाठी तो ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (जाडपणा मोजायचं एकक) आणि ४० साठी १२.५ ते १६.३. म्हणजे ०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३० तापल्यावर एकाच पट्ट्यात येतात, ०डब्ल्यू ऐकून ते पाण्यासारखं असेल अशी जी भीती असते ती चुकीची आहे.

सिंथेटिकवर जाताना ग्रेड बदलायचा नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण बरेच जण एकाच दमात दोन्ही करतात, आता चांगलं ऑइल टाकतोच आहे तर जरा जाड टाकू, इंजिन टिकेल. नवीन इंजिनांत व्हॉल्व्ह टायमिंग ऑइलच्या दाबावरच मागेपुढे होतं, बारीक बारीक वाटा असतात, तिथे २० ग्रेड सांगितलेला असताना ५० ओतला तर टिकणं सोडा, चेक इंजिनचा दिवा लागून बसेल. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड चालतात असं दिलं असेल आणि गाडी जुनी होऊन थोडं ऑइल खात असेल, तर त्या यादीतला जाड घ्या, ते ठीक आहे. यादीबाहेर जाऊ नका.

आता मागची बारीक अक्षरं. पेट्रोल गाडीसाठी एपीआय एस आणि पुढे एक अक्षर, एसएम, एसएन, एसपी असं वाढत जातं. एसपी मे २०२० पासून आलं, त्यात मुख्य म्हणजे छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिश्रण वेळेआधीच पेट घेतं आणि पिस्टन फोडू शकतं, त्यावरची परीक्षा घातली, शिवाय टायमिंग चेनच्या झिजेचीही. पेट्रोल इंजिनासाठी नवीन अक्षर जुन्याच्या जागी चालतं, म्हणजे मॅन्युअलमध्ये एसएन असेल तर एसपी बिनधास्त टाका. उलट नाही.

डिझेलमध्ये मात्र डोळे उघडे ठेवा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली गाडी असेल तर एसीईएचा, म्हणजे युरोपातल्या कार कंपन्यांच्या संघटनेचा, सी क्लास बघा, सी२, सी३, मॅन्युअलमध्ये जो असेल तो. कारण असं आहे की डीपीएफमध्ये जमलेली काजळी गाडी अधूनमधून जाळून टाकते पण ऑइलमधल्या ॲडिटिव्हची जी राख होते ती जळत नाही, ती तिथेच बसून राहते आणि हळूहळू फिल्टर भरत जातो. म्हणून सी क्लासच्या ऑइलमध्ये राख कमी ठेवलेली असते, सी३ मध्ये ०.८ टक्क्यांपर्यंतच. कितीही भारी सिंथेटिक असो, त्यावर सी नसेल आणि तुमच्या गाडीला सी हवं असेल तर तो डबा तुमचा नाही.

युरोपियन गाड्यांना यावर अजून एक स्वतःचा नंबर असतो, फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ००, मर्सिडीज २२९.५१, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४ असले. इथे शब्दांकडे लक्ष द्या. अप्रूव्हल आहे असं लिहिलं असेल तर कार कंपनीने ते ऑइल तपासून पास केलंय, आणि या गाड्यांसाठी योग्य असं लिहिलं असेल तर ते ऑइलवाल्याचं स्वतःचं म्हणणं आहे. वॉरंटी चालू असेल तर पहिलंच घ्या. आणि काही छोट्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो, तसलं इंजिन असेल तर कंपनीने सांगितलेलं सोडून दुसरं काहीच नको, चुकीच्या ऑइलने बेल्टचं रबर सुटतं आणि त्याचे तुकडे खाली ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात.

डबा घेतला. आता ओतायच्या आधी जुन्या गाडीवाल्यांसाठी एक तपासणी. ऑइल फिलरचं झाकण उघडा, मोबाईलचा टॉर्च मारा. आत तपकिरी चकाकी दिसली तर उत्तम. काळपट, ग्रीससारखा गाळ बोटाला लागतोय, तर जरा थांबा. सिंथेटिक ऑइल सील खातं असं जे म्हणतात त्यातली खरी गोष्ट अशी की सुरुवातीच्या काळातली काही पीएओ ऑइल्स रबराला थोडी आकसवायची, आताच्यांत सील नीट राहावी म्हणून एस्टर वगैरे घातलेलं असतं, त्यामुळे तो प्रश्न उरलेला नाही. पण जुन्या गाडीत सील आधीच कडक होऊन चिरलेली असते आणि त्या चिरेत गाळ बसून त्याने गळती थांबवून धरलेली असते, नवीन ऑइल तो गाळ धुऊन काढतं आणि गळती दिसायला लागते. सील तुमची आधीच गेली होती, फक्त कळलं आता. माझ्या जुन्या गाडीचं हेच झालं, तिसऱ्या आठवड्यात व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक ओघळ सायलेन्सरच्या तोंडावर आला आणि सिग्नलला थांबलं की जळका वास. गॅस्केट बदललं, संपलं.

गाळ असेल तर ते फ्लशचं केमिकल टाकून इंजिन धुऊ नका, असं माझं मत. गाळाचा मोठा लपका एकदम सुटला तर जाऊन पिकअपच्या, म्हणजे पंप जिथून ऑइल ओढतो त्या नळीच्या, जाळीवर बसतो आणि ऑइलचा दाब जातो. त्यापेक्षा नवीन सिंथेटिक टाका आणि पहिली बदली लवकर करा, दोन-तीन हजार किलोमीटरला, फिल्टरसकट. हळूहळू धुतलं जाऊदे.

आता प्रत्यक्ष काम. गाडी पाच-सात मिनिटं चालू ठेवा म्हणजे ऑइल कोमट होईल आणि गाळ घेऊन वाहील, मग बंद करून दहा मिनिटं थांबा, उकळतं ऑइल हातावर घ्यायचं नाहीये. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, जॅकने उचलून स्टँड लावा आणि स्टँडवर टेकल्यावर गाडी हाताने चांगली हलवून बघा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही, विटांवर ठेवून तर अजिबातच नाही. वर बॉनेट उघडून ऑइलचं झाकण काढून ठेवा, एक तर ऑइल भरभर निघतं आणि दुसरं म्हणजे नवीन टाकायचं विसरून कोणी गाडी चालू करणार नाही.

खाली आडवं पडल्यावर उजवं-डावं सगळं गोंधळतं, तर चेंबरच्या तळाला जो ड्रेन बोल्ट असतो त्याच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशेला सोडायचा. रिंग पाना किंवा सॉकेट वापरा, फिक्स पान्याने डोकं मारलं जातं. पहिला झटका पान्याने, मग हाताने, आणि शेवटचे आटे सोडताना बोल्ट आत दाबून धरत फिरवा आणि मग एकदम बाजूला घ्या, नाहीतर ऑइल मनगटावरून थेट कोपरापर्यंत. पहिली धार सरळ खाली पडत नाही, पुढे कमान टाकून पडते आणि चेंबर रिकामा होत जाईल तशी मागे सरकते, म्हणून घमेलं किंवा ट्रे थोडा पुढे ठेवून सुरू करा. पंधरा-वीस मिनिटं थेंब थेंब पडू द्या.

तेवढ्यात पडलेल्या ऑइलकडे बघा. काळं आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, डिझेलमध्ये तर नवीन टाकून एक चक्कर मारली तरी काळं होतं. दुधाळ असेल तर बहुतेक कूलंट मिसळतंय, उन्हात धरल्यावर चमकी दिसली तर बेअरिंग झिजतंय, आणि या दोन्हीत सिंथेटिक ऑइल काही उपयोगाचं नाही, आधी ते बघून घ्या.

बोल्टचा वॉशर नवीन टाका. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तो चपटा वॉशर एकदाच दबण्यासाठी असतो, जुनाच लावला तर बऱ्याचदा झिरपतं आणि मग माणूस अजून आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मॅन्युअलप्रमाणे, बऱ्याच गाड्यांना तो २५ ते ४० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे अंगातली सगळी ताकद लावायचं काम नाही.

मग फिल्टर. स्पिन ऑन म्हणजे तो बाहेरचा पत्र्याचा डबा असेल तर काढल्यावर लगेच त्याच्या तोंडाकडे बघा, रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का? माझी एकदा नव्हती निघाली. ती इंजिनलाच चिकटून राहिली होती, काळ्यावर काळी, दिसलीच नाही, मी वर नवीन फिल्टर आवळला, आणि गाडी चालू केल्यावर दोन रिंगांच्या मधून ऑइलची अशी चादर बाहेर आली की अर्ध्या मिनिटात खाली तळं. दिवा लागायच्या आत बंद केली म्हणून इंजिन वाचलं. तेव्हापासून मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, त्या जागेवरून फडकं गुंडाळलेलं बोट पूर्ण गोल फिरवतो. नवीन फिल्टरच्या रिंगला नवीन ऑइलचं बोट लावा, हाताने फिरवत न्या, रिंग टेकल्यावर अजून पाऊण फेरा, फिल्टरवर वेगळं लिहिलं असेल तर तसं. पाना लावून आवळायचा नाही. आत कागदी फिल्टर आणि प्लॅस्टिकचं झाकण असा प्रकार असेल तर झाकणाची ओ रिंग नवी टाका आणि ती नेमक्या खाचेत बसवा.

भरताना मॅन्युअलमध्ये चार लिटर लिहिलं असेल तर आधी साडेतीन ओता. नरसाळं लावा, पाच मिनिटं थांबा, गाडी चालू करा, ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, रेस करू नका विशेषतः टर्बो असेल तर. खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर कोरडे आहेत का बघा. मग बंद करून, गाडी स्टँडवरून उतरवून सपाट जागी पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघत बघत उरलेलं थोडं थोडं टाका. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत साधारण लिटरभराचा फरक असतो. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर काढून टाका, जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित असं नसतं, क्रँक त्यात आपटून फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

इथपर्यंत इंजिन. आता गिअरबॉक्स, आणि इथे एकच नियम पाठ करा, ड्रेन प्लगला हात लावायच्या आधी भरायचा प्लग सोडून बघायचा.

मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुतेक दोन प्लग असतात, खालचा ड्रेन आणि बाजूला वर फिल प्लग. मी पहिल्यांदा केलं तेव्हा उत्साहात खालचा सोडला, दोन लिटर काळपट, गंधकाच्या वासाचं ऑइल ट्रेमध्ये आलं, प्लग पुसून परत लावला आणि वरच्याकडे गेलो. तो ॲलन कीचा होता आणि कारखान्यातून आल्यापासून कोणी सोडलेला नसावा. तिसऱ्या जोराला कीने आतली षटकोनी खाच गोल करून टाकली. आता गाडी स्टँडवर, गिअरबॉक्स रिकामा, ऑइलचा डबा शेजारी आणि टाकायला वाट नाही. तीन दिवस गाडी तशीच. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने येऊन त्या गोल झालेल्या खाचेत किंचित मोठा टॉर्क्स बिट हातोडीने ठोकून बसवला आणि लांब पाइप लावून एका झटक्यात सोडला, वर मला एवढंच म्हणाला, आधी वरचा बघायचा असतो ना. तर आधी वरचा. सुटत नसेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, खाच ब्रशने साफ करा, बिट पूर्ण आत बसलाय याची खात्री करा, आणि तरी नाही सुटला तर जुनं ऑइल जागेवर आहे, गाडी चालवत गॅरेजला न्या.

ऑइल कोणतं? गिअर ऑइलचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवर असतात, ७५डब्ल्यू-९० बघून ते इंजिन ऑइलच्या दुप्पट-तिप्पट जाड आहे असं समजू नका, तापल्यावर ते ४० ते ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलच्या आसपासच असतं. महत्त्वाचं ते जीएल-४ की जीएल-५, म्हणजे गिअर ऑइलचा एपीआय क्लास. मोठा नंबर म्हणजे चांगलं या हिशोबाने लोक जीएल-५ उचलतात आणि पस्तावतात. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाच्या, हायपॉइड गिअरसाठी, त्यात गंधक-फॉस्फरसचं ॲडिटिव्ह जास्त असतं. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या रिंगा बऱ्याचदा पितळेच्या असतात, एक तर काही जीएल-५ ऑइल्समुळे पितळ खराब होऊ शकतं आणि दुसरं म्हणजे सिंक्रोला पकड लागते, ती घासून दोन्ही गिअरचा वेग जुळवते, जास्त बुळबुळीत ऑइलात ती घसरते आणि गिअर कर्रर्र करतो. मॅन्युअलमध्ये जीएल-४ असेल तर जीएल-४ च. काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, जातं, म्हणून अंदाजाने काही टाकू नका.

भरताना गाडी सपाट हवी, नुसती पुढून उचललेली असेल तर लेव्हल चुकते, चारही बाजूंनी उचला किंवा पिटवर घ्या. हातपंपाने भरा, नाहीतर बॉनेटमधून लांब नळी आणि नरसाळं लावून वरून सोडा, वेळ लागतो, गिअर ऑइल आळशी असतं. छिद्राच्या खालच्या कडेवरून बाहेर ओघळायला लागलं की झालं, ओघळ थांबू द्या आणि प्लग लावा. ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लेप असतो, तो नॉर्मल आहे, पुसून टाका. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर नॉर्मल नाही. फरक कुठे जाणवेल तर थंड गाडीत पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना, तिथे जो अडखळायचा तो जरा कमी अडखळेल. आधीच झिजलेला सिंक्रो काही भरून येत नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांनी सिंथेटिकवर जायचं हा विचारच थोडा बाजूला ठेवावा. आताची बहुतेक एटीएफ तशीही सिंथेटिक किंवा त्याच्या जवळची असतात, तुम्हाला बघायचंय ते फक्त कंपनीचं स्पेसिफिकेशन. आतले क्लच पॅक कोणत्या घर्षणाला कसे पकडतील हे सगळं त्या ऑइलवर बेतलेलं असतं. सीव्हीटी म्हणजे ठराविक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं ऑइल वेगळं, तिथे धातूचा पट्टा आणि पुली एकमेकांना पकडून ताकद नेतात, त्यात साधं एटीएफ टाकलं तर गिअरबॉक्सच जाईल. ज्यातले क्लच ऑइलमध्ये भिजलेले असतात त्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं वेगळं. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर मशीनच बदलतं ती, असेल तर ती आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, गिअर ऑइल लागतं, पण क्लच-गिअर ओढणाऱ्या हायड्रॉलिक युनिटचं ऑइल वेगळं असतं, ते तुम्ही छेडू नका.

आणि ऑटोमॅटिकमध्ये ड्रेन केलं तरी सगळं निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या ऑइलने भरलेल्या भागात, बरंच राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं, तर पहिल्या बदलीनंतर ४० टक्के नवीन, मध्ये थोडे दिवस चालवून दुसऱ्यांदा केलंत तर ६४, तिसऱ्यांदा ७८. मशीन लावून एकदम फ्लश करण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, विशेषतः गाडी बरीच चाललेली असेल आणि आधी कधीच बदललं नसेल तर. जेवढं निघालं तेवढं मोजून तेवढंच टाका. लेव्हल मात्र ठराविक तापमानाला, इंजिन चालू ठेवून बघायची असते, बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते, खालचा प्लग काढून बारीक ओघळ येतो का बघायचं असतं, ते तापमान गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर वाचावं लागतं. स्कॅनर नसेल तर हे काम घरी करू नका, मी पण करत नाही. लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही असं लिहिलेल्या गाड्या असतात, पण त्यातल्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफसारख्या कंपन्या स्वतः बदलायला सांगतात, तेव्हा तो लाइफटाइम कोणाचा ते समजून घ्या.

नंतरचे पंधरा दिवस दर दोन-तीन दिवसांनी सकाळी थंड गाडीची डिपस्टिक बघा आणि रात्री गाडी लावता तिथे खाली एक जुना पुठ्ठा टाकून ठेवा, डाग कुठे पडतो त्यावरून कुठून गळतंय ते कळतं. बदलीचं अंतर सिंथेटिक आहे म्हणून मनाने दुप्पट करू नका, मॅन्युअलमधलंच पाळा, आणि रोज चार-पाच किलोमीटरच गाडी चालत असेल तर त्याच्याही आधी, कारण इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल आणि पाणी ऑइलात साठत जातं, तिथे पीएओ असो की काही असो. सर्व्हिसचा रिमाइंडर रिसेट करायला विसरू नका.

जळकं ऑइल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही, नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरा, जुना फिल्टर उलटा ठेवून निथळून घ्या आणि दोन्ही जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. डब्यावर मार्करने जळकं असं मोठ्या अक्षरात लिहा, नव्याच्या शेजारी तसलाच डबा ठेवून मी एकदा तो उघडून नरसाळ्यापर्यंत आणला होता, वासावरून कळलं.